गवंड्याच्या हाताखाली

दहा दिवसांच्या मिशन दौऱ्याचा, म्हणजे चर्चच्या गटानं परक्या गरीब वस्तीत मदतीला जाण्याचा, हिशेब कागदावर मांडला तर तो साधारण असा दिसतो. जाण्यात एक दिवस, येण्यात एक. एक रविवार, म्हणजे उपासना आणि यजमान मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, घातलेलं जेवण. पहिला दिवस ओळखीपाळखीत आणि सूचना ऐकण्यात. शेवटी एक दिवस ‘आलोच आहोत तर थोडं फिरून घेऊ’ यासाठी. उरले पाच. त्यातही उन्हानं आणि पाणी बदलल्यानं दोघंतिघं रोज खोलीवरच पडून. ते सोडून देऊ आणि धरून चालू की बारा जण पाच दिवस रोज सहा तास राबले. झाले ३६० तास. एक गवंडी आणि हाताखाली दोन मजूर रोज आठ तास काम करतात, तेव्हा पंधरा दिवसांत तेवढेच तास भरतात. त्या तिघांना विमानाचं तिकीट लागत नाही, दुभाषा लागत नाही, आणि त्यांची भिंत ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी असते.

मग जाऊच नये का? तसं मुळीच नाही. गरीब कुटुंबांच्या मदतीला निघालेला ख्रिस्ती स्वयंसेवक कुणाच्या बोलावण्यावरून निघाला आणि तिथे कुणाच्या हाताखाली काम करणार, हे आधी विचारावं. बोलावणं यजमानांचं आणि हुकूम तिथल्या माणसाचा असेल, तर अनाडी माणूससुद्धा उपयोगी पडतो. बोलावणं आणि हुकूम हे दोन्ही पाहुण्यांनी स्वतःकडेच ठेवले, तर डॉक्टर आणि इंजिनिअरही यजमानांना ओझं होतात.

ही तक्रार जुनी आहे आणि ती चर्चच्या आतूनच आलेली आहे. १९६८ साली मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितलं होतं, की इथे बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. बोलणं झोंबणारं होतं आणि थोडं एकांगीही. पण त्यानंतर दौरे कमी झाले नाहीत, वाढलेच. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ माणसं अशा छोट्या मिशन दौऱ्यांवर परदेशी जात होती.

पैशांचं गणित होंडुरासमध्ये एकदा नीट मांडलं गेलं. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर तिथे बेघरांसाठी घरं बांधली गेली. काही उत्तर अमेरिकेतून आलेल्या चर्चच्या गटांनी, काही स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी तिथल्याच गवंड्यांकरवी. तिथे काम केलेले समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी दोन्ही प्रकारच्या घरांतल्या कुटुंबांशी आणि शंभराहून अधिक स्वयंसेवकांशी बोलून अभ्यास केला. गटाचा प्रवास धरला तर पाहुण्यांनी बांधलेलं घर सुमारे ३०,००० डॉलरना पडत होतं, तर तसंच घर स्थानिक माणसं २,००० डॉलरमध्ये उभं करत होती. एका घराच्या पैशात पंधरा घरं. आणि घर कुणी बांधलं यावरून कुटुंबाच्या आयुष्यात फरक पडल्याचं काही दिसलं नाही. डोक्यावर छप्पर आलं, यातच त्यांना समाधान होतं.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: माणसं गेली म्हणून तर पैसे जमले. पुतणी निघाली म्हणून काका देणगी देतो, नुसतं बांधकामासाठी मागितलं असतं तर दिलं नसतं. हे खरं आहे, आणि दौऱ्यांवर टीका करणारे ते सोयीस्करपणे विसरतात. दुसरा दावा असा, की एकदा जाऊन आलेला माणूस बदलतो, पुढे आयुष्यभर देत राहतो. हा मात्र तपासून पाहावा लागतो. त्याच अभ्यासात बऱ्याच जणांनी आपण जास्त देऊ लागल्याचं सांगितलं होतं. देणग्यांची नोंदवही पाहिली तर तशी वाढ जवळपास दिसत नव्हती. बदल होत नाही असं नाही. परतल्यावर त्या माणसाला कुणी पुन्हा काही विचारत नाही, वर्षभरानं काही काम देत नाही, आणि दोन महिन्यांत सगळं विरतं.

आता प्रत्यक्ष कामाच्या जागेवर जाऊ, कारण चांगल्या हेतूचं खरं काय होतं ते तिथे दिसतं. हौशी गट काँक्रीट कालवायला बसला की पहिली चूक पाण्याची होते. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरतं. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण घट्ट माल फावड्यानं ओढायला जड जातो, हात भरून येतात, मग कुणीतरी आणखी एक बादली ओततं. माल लोण्यासारखा सरकायला लागतो, सगळे खूश. ते जास्तीचं पाणी पुढे सुकून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. काँक्रीट तिथेच कमजोर होतं, वरून दिसत मात्र काही नाही. गवंड्याला हे दिसत असतं, पण समोर पाहुणे, शेजारी पाळक (तिथल्या चर्चचा धर्मगुरू), आणि पैसेही त्यांचेच. तो काय बोलणार?

दुसरी चूक घाईची. विटांची भिंत एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवायची नसते. खालचे सांधे अजून ओले असतात, वरच्या ओझ्यानं ते दबतात आणि भिंत ओळंब्यातून जाते. पण गटाला परतण्याआधी छताच्या उंचीपर्यंत पोचलेली भिंत पाहायची असते, तिच्यासमोर फोटो काढायचा असतो. म्हणून चौथ्या दिवशी दोरी न लावता थर चढतात. रात्री गवंडी येऊन वरचे चार थर गुपचूप उतरवतो आणि सकाळच्या आत पुन्हा रचतो. भूकंपाच्या पट्ट्यात तर हे प्रकरण गमतीचं राहत नाही. खांबातल्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवायची असतात. वाकवायला सोपं म्हणून ९० अंशांत सोडली, तर मोठ्या धक्क्यात रिंग उघडते आणि खांब फुटतो. हे काम ज्यानं पूर्वी केलेलं नाही त्याच्या हातात देऊच नये, मग तो कितीही मनापासून आलेला असो.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी, आणि तीच सर्वांत जास्त राहून जाते: पाणी मारणं. काँक्रीट आणि बांधकाम किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं. मिश्र सिमेंट असेल तर दहा. उन्हाच्या प्रदेशात दिवसातून तीन-चार वेळा. पाचव्या दिवशी काम संपवून सहाव्या दिवशी गट निघतो, तेव्हा ताज्या भिंतीवर पाणी कोण मारणार हे कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. घरातली बाई लांबून हंडे आणत असेल, तर ते पाणी ती भिंतीवर ओतेल अशी अपेक्षा धरणंही बरं नव्हे.

यावर तोडगा आहे, आणि तो कामाचा क्रम फिरवण्यात आहे. खांब, तुळया, भिंती हे सगळं स्थानिक गवंड्यानं गट यायच्या आधी मजुरीवर पूर्ण करावं. गटाकडे राहावीत ती बिनकौशल्याची, कंटाळवाणी आणि खरोखर लागणारी कामं: वाळू चाळणं, विटा वाहणं, जोत्यात भर घालून धुम्मस मारणं (ठोकून दाबणं), सांडपाण्याचा चर खणणं, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारत राहणं. या कामांचे फोटो चांगले येत नाहीत. नेमक्या त्याच कारणानं ती पाहुण्यांना द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि बांधून झालेली भिंत पुन्हा रंगवायला तर कुणी जाऊच नये. मेक्सिकोतलं एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या गटांनी सहा वेळा रंगवल्याचं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे.

घराच्या बाबतीत भिंतीच्याही आधी पाहायची गोष्ट म्हणजे जमिनीचा कागद. भाड्याच्या किंवा अतिक्रमणाच्या जागेवर पक्कं घर उभं राहिलं की जागेचा भाव वाढतो आणि कुटुंबालाच निघावं लागतं. ज्याची जागा, त्याचं घर. म्हणून मालकीचा किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेकराराचा कागद, शक्य तिथे नवरा-बायको दोघांच्या नावानं, हातात आल्याशिवाय खड्डा खणू नये. कुटुंब निवडण्याचे निकष यजमान संस्थेनं आधी जाहीर करावेत. नाहीतर पाळकाचे नातेवाईक आधी घरात जातात, आणि नंतर वर्षभर वस्तीत धुसफुस चालते. कुटुंबानं स्वतः काहीतरी घालणंही गरजेचं असतं. १९७६ मध्ये अमेरिकेत ख्रिस्ती प्रेरणेतूनच सुरू झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीनं हे सुरुवातीपासून ओळखलं: घर मिळणारं कुटुंब बांधकामावर ठरावीक तास राबतं आणि घराची रक्कम हप्त्यांनी फेडतं.

पाण्याच्या कामात हाच धडा आणखी कडक मिळतो. २००९ च्या आसपास आफ्रिकेतल्या सहारापलीकडच्या देशांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा तिथले एक तृतीयांशाहून जास्त हातपंप कुठल्याही क्षणी बंद असल्याचं दिसलं. बहुतेक ठिकाणी पंप बसवताना समारंभ झालेला असतो, पाटी लागलेली असते. पुढे सिलिंडरमधलं रबराचं वॉशर झिजतं. वस्तू छोटी, पण इंडिया मार्क टू सारख्या पंपात ती बदलायला तिपाई लावून आख्खे पाइप वर ओढावे लागतात. तितकी माणसं, अवजारं आणि सुटे भाग जवळपास नसले की लोक पुन्हा ओढ्यावर. म्हणून नंतरच्या मार्क थ्री आणि आफ्रिडेव्ह पंपांची रचनाच अशी केली गेली, की पाइप न काढता वॉशर बदलता यावं. गंमत म्हणजे मार्क टूचा पूर्वजच मिशनच्या कामातून आलेला. साठच्या दशकात जालना आणि सोलापूरच्या मिशन कार्यशाळांत, सतत मोडणाऱ्या बिडाच्या पंपांना कंटाळून, पोलादी पंप घडवला गेला. पण तो घडवणारे लोक दहा दिवसांसाठी आलेले नव्हते. पंप मोडला की तक्रार त्यांच्याच दारात यायची. पंप सुधारला तो या तक्रारींमुळे.

औषधांच्या शिबिराबद्दल थोडक्यात. जंताची ४०० मिलिग्रॅमची एक अल्बेंडाझोल गोळी देणं सोपं आहे. संडास आणि स्वच्छ पाणी नसेल तर काही महिन्यांत जंत परत येतात. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या वाटून निघून जाणं त्याहून वाईट, कारण एकतिसाव्या दिवशी रुग्णाकडे गोळी नसते आणि वहीत नोंदही नसते. बॅगेत भरून आणलेल्या औषधांना देशात पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, ती त्या देशाच्या मान्य यादीत हवीत आणि वेष्टनावरची भाषा तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याला वाचता यायला हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ सालीच सांगून ठेवलं आहे. आणि जो माणूस आपल्या देशात टाके घालू शकत नाही, त्यानं ते दुसऱ्याच्या देशात घालायचे नसतात. शिबिर स्थानिक दवाखान्याच्या आवारात, त्यांच्याच केसपेपरवर, त्यांच्याच डॉक्टरच्या सहीनं चालावं. तसं जमत नसेल तर शिबिर घेऊ नये.

मुलांच्या बाबतीत मात्र सबुरीनं बोलून चालणार नाही. अनाथाश्रमाला भेट हा कितीतरी दौऱ्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो: गाणी, खाऊ, मिठ्या, निघताना रडारड. जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचातल्या चार मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण, जिवंत असतो, असं ‘सेव्ह द चिल्ड्रन’नं २००९ मध्ये दाखवून दिलं. मुलं तिथे असतात ती गरिबीमुळे. आणि पाहुण्यांच्या देणग्या आश्रमाला मिळतात, आईला नाही, म्हणून आश्रम भरलेला ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्तानं, देणग्यांसाठी मुलं आश्रमात भरती करण्याचा प्रकार मानवी व्यापारातच मोडतो असं मान्य केलं. जानेवारी २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर १० अमेरिकी मिशन स्वयंसेवकांना ३३ मुलं सीमेपलीकडे नेताना अडवण्यात आलं. मुलं अनाथ असल्याचं सांगितलं गेलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना आईवडील होते. दर आठवड्याला नवा माणूस येऊन जीव लावतो आणि निघून जातो, हे लहान मुलाला झेपत नाही. अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात क्षणात पडणारं मूल पाहून लोक भारावतात, पण ते मूल कुणावर विसंबावं हेच विसरलेलं असण्याची शक्यता जास्त. गटानं आश्रमाला जाऊच नये. त्या पैशात महिन्याचं धान्य, शाळेची फी किंवा आईला काम मिळालं तर मूल घरी परत येऊ शकतं. यजमान संस्था असं काही करते का, हेच तिला विचारावं.

वाटपाबद्दलही हेच. जागतिक बँकेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साठेक देशांतल्या हजारो गरीब माणसांना गरिबी म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा उत्तरांत भुकेबरोबर वारंवार आली ती लाज, अपमान आणि आपलं कुणी ऐकत नाही ही भावना. मुलांच्या देखत बापाच्या हातात पिशवी ठेवून फोटो काढणं त्याच लाजेत भर घालतं. जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांचं आणखी वेगळं: १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतलं कपड्यांचं उत्पादन जितकं घसरलं, त्यातली सुमारे ४० टक्के घसरण आयात जुन्या कपड्यांमुळे झाल्याचं एका अर्थशास्त्रीय अभ्यासात निघालं. गाठोडं उघडतं तेव्हा जवळचा शिंपी गिऱ्हाईक गमावतो. द्यायचंच असेल तर तिथल्या बाजारातून विकत घेऊन, यजमान मंडळीच्या हातून, पाहुणे गेल्यावर द्यावं.

इथे श्रद्धेचा प्रश्न येतो, आणि तो टाळून हा विषय पुरा होत नाही. सुवार्ता सांगणं हे ख्रिस्ती माणसाला आपलं कर्तव्य वाटतं, तो त्याचा हक्कही आहे. पण पोत्यातलं धान्य आणि प्रार्थनेचं आमंत्रण एकाच रांगेत ठेवलं की घेणारा मोकळेपणानं नाही म्हणू शकत नाही. मग त्याच्या हो म्हणण्यालाही किंमत राहत नाही. १९९४ मध्ये रेड क्रॉसच्या पुढाकारानं आपत्तीतल्या मदतीची आचारसंहिता ठरली, तिच्यात एखादा धार्मिक विचार पुढे नेण्यासाठी मदत वापरायची नाही असं कलम आहे. ती पुढे आणणाऱ्यांमध्ये कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्था होत्या. म्हणजे हा नियम बाहेरच्यांनी लादलेला नाही. व्यवहारात त्याचा अर्थ सोपा: वाटपाच्या ठिकाणी प्रवचन नको, लाभार्थींच्या यादीत धर्माचा रकाना नको, आणि प्रवासी व्हिसावर येऊन धर्मोपदेश तर नकोच. पाहुण्यांचं तिकीट परतीचं असतं, पोलिसांच्या चकरा स्थानिक पाळकाला माराव्या लागतात.

आधार शोधायचा तर लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुरेसा आहे. वाटेत लुटलेल्या, जखमी परक्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चर्चमध्ये सगळ्यांना पाठ असते, पण बहुतेकांची आठवण जखमेवर तेल ओतण्यापाशी थांबते. पुढे तो जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाच्या हातात दोन नाणी ठेवतो, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या वाटेनं जातो. त्यापुढची सेवा उतारशाळेचा माणूस करतो. शोमरोनी पैसे देतो, विश्वास टाकतो आणि परत यायचं कबूल करतो. त्याच अध्यायात येशू आपल्या शिष्यांना पाठवतो तेही थैली न घेता, लोकांच्या घरी उतरायला आणि पुढ्यात येईल ते खायला. म्हणजे पाठवलेला माणूसच यजमानाचा मिंधा. आजचा दौरा याच्या बरोबर उलटा निघतो, स्वतःचं पाणी, स्वतःचा स्वयंपाकी, स्वतःचा कार्यक्रम घेऊन.

तेव्हा तयारी कशी करावी? कामाची यादी यजमानांनी लिहावी आणि तिच्यात ‘या वर्षी कुणाला पाठवू नका, पैसे पाठवा’ असं लिहायची मोकळीक त्यांना खरोखर असावी. बहुतेक यजमान नाही म्हणत नाहीत, कारण पाहुणे थांबले की पैसेही थांबतील ही भीती. म्हणून निधीचा निर्णय आधी आणि वेगळा करावा, पाहुण्यांचा नंतर. गट सहा ते आठ जणांचा बरा. एका दुभाषावर त्याहून जास्त माणसं सोपवली की निम्मे नुसते उभे राहतात. पाळक आणि त्यांच्या घरची माणसं गाडी, पाणी, जेवण, आजारपण यांत दोन आठवडे अडकतात, त्याचा मोबदला अंदाजपत्रकात ठळक लिहावा. त्याच गावी सलग तीन वर्षं जायचं ठरवावं, आणि दर खेपेला निदान दोन जण आधीचे असावेत. कौशल्य असलेला एक माणूस बारा रंगाऱ्यांना भारी पडतो: दोन आठवड्यांत बचत गटाच्या बायकांना हिशेबाची वही लिहायला शिकवणारा लेखापाल, किंवा दवाखान्यातलं बंद पडलेलं निर्जंतुकीकरणाचं यंत्र दुरुस्त करून तिथल्या मुलाला ते उघडायला शिकवणारा तंत्रज्ञ. जिथे मुलं असतील तिथे कुठलाही पाहुणा एकटा नसावा, आणि प्रत्येकाची पोलीस पडताळणी निघण्यापूर्वी व्हावी.

राहता राहिलं देणगी मागणारं पत्र, दौऱ्याची दिशा तिथेच ठरते. त्यात अनवाणी मुलाचा फोटो नको. किती पोती सिमेंट, गवंड्याची किती दिवसांची मजुरी, यजमानांचा खर्च किती आणि आमच्या प्रवासाचा किती, हे चार आकडे एकाखाली एक लिहावेत. शेवटचा आकडा पहिल्या तिघांच्या बेरजेपेक्षा मोठा निघाला तर गटातली माणसं कमी करावीत. आणि गट गेल्यानंतर दहा दिवस भिंतीवर पाणी मारणाऱ्याची मजुरी त्या पत्रात वेगळ्या ओळीत दाखवावी.